रूट व्हायच्या आधी परवानग्या वाचा

नाशिकच्या कॉलेज रोडवरचे सिक्युरिटीचे कोर्स करून आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, कर्नल एक्स्प्लॉइट कधी शिकायचं?’ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातली, कर्नलमधली, त्रुटी वापरून ताबा कसा मिळवायचा. शिका, पण सावकाश. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळताना साध्या युजरवरून रूटपर्यंत, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यापर्यंत, जाणारी वाट मला बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोयीतून निघालेली दिसली.

एके ठिकाणी रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालायची. अकाउंट्सच्या माणसाला तिच्यातलं फोल्डरचं नाव बदलता यावं म्हणून फाइलला ७७७ परवानगी, म्हणजे सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा, देऊन टाकलेली. आता सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरने तिच्यात एक ओळ घुसवली, की रात्री ती रूटच्या अधिकाराने चालणार. कर्नल कालच अपडेट केला असला तरी! फाइल रूटच्या मालकीची करून ७०० (सगळं फक्त मालकालाच) केली, पण तेवढ्याने भागत नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे इतरांना लिहिता येत असेल, तर मूळ फाइल बाजूला सारून त्याच नावाची दुसरी ठेवता येते. नवखे इथेच हमखास चुकतात. फोल्डरचं नाव वेगळ्या कॉन्फिग फाइलमध्ये काढलं, तरी स्क्रिप्टने ती ‘सोर्स’ करायची नाही (म्हणजे तिच्यातल्या ओळी कमांड म्हणून चालवायच्या नाहीत), नुसता मजकूर म्हणून वाचायची. नाहीतर भोक तिथेच, फक्त फाइल बदलली.

मग सुडोचे, म्हणजे साध्या युजरला ठराविक कमांड रूट म्हणून चालवू देणारे, नियम बघा. कुणाला ‘फक्त विम’ (एडिटर) किंवा ‘फक्त फाइंड’ (फाइल शोधणारी कमांड) रूट म्हणून चालवायची मुभा दिली असेल, तर त्याला रूटचं शेलच, म्हणजे हवी ती कमांड चालवायची जागाच, दिलंय असं समजा. दोन्हींतून शेल उघडता येतं.

तिसरी गोष्ट सेटयूआयडी, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलवरची एक खास खूण (बिट). ती असलेला प्रोग्राम कुणीही चालवला तरी फाइलच्या मालकाच्या, म्हणजे बहुधा रूटच्या, अधिकाराने चालतो. क्वालिस या सिक्युरिटी कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलेली ‘पॉनकिट’ ही त्रुटी अशाच पीकेएक्झेक (दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या) प्रोग्राममध्ये २००९ पासून पडून होती. पॅच येईपर्यंतचा उपाय अगदी साधा होता: त्या फाइलचा सेटयूआयडी बिट काढून टाकणं. त्याच वर्षीच्या ‘डर्टी पाइप’ या कर्नलमधल्या त्रुटीला मात्र कर्नल अपडेटशिवाय इलाज नव्हता. म्हणून कर्नलही अभ्यासायचा, पण नंतर.

विंडोजमध्ये सर्व्हिसचा पाथ अवतरणचिन्हांशिवाय लिहिलाय का (मध्ये स्पेस असेल तर भलताच प्रोग्राम चालू शकतो) आणि सगळ्या मशीनवर लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच आहे का, एवढ्यापासून सुरुवात पुरे.

सराव आपल्याच लॅपटॉपवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकात. ओळखीच्या कंपनीचा सर्व्हर ‘जरा बघतो’ म्हणून चाळू नका. लेखी परवानगी नसेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि नाशिकमध्ये नुसतं ‘सिक्युरिटी’ नावाचं पद शोधत बसू नका. सिस्टम अ‍ॅडमिनची जागा मिळाली तर घ्या. मुलाखतीला जाताना स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनचा दोन पानी रिपोर्ट न्या: काय सापडलं, काय बदललं, आणि बदलल्यावर काय बंद पडलं. शेवटच्या मुद्द्यावरच जास्त प्रश्न येतात.