खान्देशच्या उन्हाळ्यात कुत्र्याला उष्माघातापासून कसे जपावे

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो, तेव्हा सकाळी अकरानंतर माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसतात. ओट्यावर साखळीने बांधलेला कुत्रा मात्र बऱ्याचदा तिथेच राहतो. आपले अंग घामाने गार होते. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या तळव्यांत असतात आणि तेवढ्या घामाने त्याचे भागत नाही. त्यामुळे तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि जीभ, तोंड व श्वासमार्ग यांतील ओलावा उडून जाताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. त्याची सारी भिस्त या एका क्रियेवर असल्यामुळे पाणी, हवा आणि विश्रांती यांपैकी एक जरी कमी पडले तरी ती कोलमडते.

आधी वेळा बदलाव्यात

सकाळचे फिरणे सातच्या आत उरकावे. संध्याकाळी लोक सूर्य मावळला की निघतात, पण डांबर आणि काँक्रीट दिवसभर शोषलेली उष्णता त्यानंतरही बराच वेळ सोडत राहतात, म्हणून साडेआठ-नऊपर्यंत थांबणे बरे. निघण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. चटका सोसवत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही पोळणार हे निश्चित.

धावण्याचा आणि चेंडूमागे पळण्याचा खेळ या दिवसांत बंदच ठेवावा. पळताना स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात, त्यामुळे सावलीत खेळलेल्या कुत्र्यालाही उष्माघात होऊ शकतो, आणि तरणा, उत्साही कुत्रा दमला तरी आपणहून थांबत नाही. उभ्या गाडीत त्याला पाच मिनिटांसाठीही सोडू नये. काचा किंचित उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, आणि आतील तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते.

सावली आहे की नुसता आडोसा, हे तपासावे

पत्र्याच्या छपराखाली ऊन लागत नाही, परंतु तापलेला पत्रा खाली आग ओकत असतो. कडुनिंबासारखे दाट झाड, धाब्याच्या जाड भिंतींच्या घराची आतली खोली किंवा दुपारनंतर पूर्वेकडचा ओटा, या खऱ्या सावलीच्या जागा होत. झाडाखाली बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत एक चूक फार होते: सकाळी नऊला बांधताना सावली असते, दुपारी दोनला ती सरकलेली असते आणि साखळीची लांबी मात्र तेवढीच असते. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसा शक्यतो बांधूच नये. बांधणे भागच असेल, तर दुपारच्या सावलीचा अंदाज घेऊन जागा ठरवावी.

कूलर लावलेल्या खोलीची एक खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत कूलर चालला की हवा दमट होते आणि दमट हवेत धापा टाकूनही ओलावा उडत नाही. मळ्यात राखणीला असलेल्या कुत्र्याला केळीच्या बागेत गारवा मिळतो खरा, परंतु दाट बागेतील हवाही दमटच असते. तिथे तो सारखा धापा टाकताना दिसला, तर त्याला बांधावरच्या मोकळ्या सावलीत आणावे.

पाणी आणि खाणे

कुत्र्याला एरवी दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलीटर पाणी लागते, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटरभराहून थोडे अधिक, आणि उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. मातीची जड कुंडी उत्तम, कारण ती लवंडत नाही आणि पाणी गार ठेवते. अशी भांडी दोन ठिकाणी ठेवून दिवसातून तीन वेळा पाणी बदलावे. गच्चीवरच्या काळ्या टाकीचे दुपारचे पाणी हाताला लावून पाहिल्याशिवाय ओतू नये. मळ्यात ठिबकसाठी खत कालवलेल्या टाकीला आणि फवारणीच्या ड्रमला झाकण हवेच. तहानलेला कुत्रा त्यात तोंड घालण्यापूर्वी वास घेत बसत नाही.

जेवण पहाटे आणि रात्री द्यावे. आखाजीच्या आमरसातला चमचाभर चाटला तर बिघडत नाही, पण कोय आतड्यात अडकते, म्हणून ती उकिरड्यावर उघडी टाकू नये. शेवभाजीचा उरलेला रस्सा भाकरीवर घालून देण्याची सवय मोडावी, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतात.

केस भादरले की कुत्र्याला गार वाटते, हा एक गैरसमज आहे. पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याची हजामत करू नये, त्याला रोज विंचरून सुटलेले केस काढावेत. विंचरताना कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत. पग आणि बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाटच अरुंद असते. खान्देशात अशी जात पाळायची असेल, तर दुपारभर गार खोलीची सोय आधी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊन लागलेच, तर

थांबवता न येणाऱ्या धापा, चिकट लाळ, लालभडक झालेल्या हिरड्या, लटपटणारे पाय, उलटी किंवा रक्तमिश्रित जुलाब ही लक्षणे आहेत. हिरड्या फिकट पडल्या किंवा कुत्रा हाकेला प्रतिसाद देईना, तर प्रकरण फार पुढे गेले आहे असे समजावे.

अशा वेळी लोक कुत्र्याला उचलून थेट दवाखान्याकडे धावतात, आणि वाटेतला अर्धा तास तो तापतच राहतो. आधी गार करावे आणि मग न्यावे. त्याला सावलीत आणून पोट, काखा, जांघा आणि सर्व अंगावर नळाचे किंवा माठाचे पाणी भरपूर ओतावे. बर्फ शोधण्यात वेळ दवडू नये. पाणी ओतत असतानाच पंखा लावावा, कारण आपल्याकडची कोरडी हवा ओले अंग झपाट्याने गार करते. ओले गोणपाट किंवा टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, तो लवकरच गरम होतो आणि उष्णता कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी पुढे ठेवावे, तोंडात मात्र ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाते. ताप समजून पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नये. या त्रासावर तिचा उपयोग नाही, शिवाय ती कुत्र्याला घातक ठरू शकते.

घरात कुत्र्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर असावा. त्याचे तापमान गुदद्वारातून मोजतात आणि ते १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असणे स्वाभाविक आहे. १०५ च्या पुढे जिवाला धोका असतो. तापमान १०३ वर आले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरते. त्यानंतर ओल्या अंगानेच, गाडीच्या काचा उघड्या ठेवून किंवा एसी लावून, पशुवैद्यकाकडे न्यावे आणि निघतानाच फोनवर कल्पना द्यावी. कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी ही फेरी टाळू नये. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांना झालेली इजा पुढच्या दोन-तीन दिवसांतही उघड होऊ शकते.

मृगाचा पहिला पाऊस पडला की वेळा पुन्हा पूर्ववत करण्याची घाई होते. पारा उतरतो, पण हवा दमट होते, आणि सरींमधल्या उघडिपीच्या दुपारी कुत्र्याला मे महिन्याइतकाच त्रास होऊ शकतो. पावसाने चांगला जम बसेपर्यंत सकाळी सातच्या आतले फिरणेच चालू ठेवावे.