कोड एडिटरमध्ये मजकुराची स्टाइल साठवताना या चुका टाळा

मोठी फाइल उघडली की टायपिंग अडखळतं. शोध बंद केला तरी काही शब्द पिवळेच राहतात. चूक दाखवणारी लाल रेघ भलत्याच शब्दाखाली दिसते. अशा वेळी आपण आधी पार्सरवर, म्हणजे कोडची रचना ओळखणाऱ्या भागावर, संशय घेतो, पण स्टाइल (रंग, ठळकपणा, रेघा) कशी साठवली आहे ते आधी तपासा.

पहिली चूक म्हणजे प्रत्येक टोकनसाठी, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक शब्दासाठी किंवा चिन्हासाठी, मेमरीत वेगळा ऑब्जेक्ट. पन्नास हजार ओळी आणि ओळीला दहा टोकन धरले, तर पाच लाख ऑब्जेक्ट झाले! व्हीएस कोड या एडिटरने 2017 मध्ये टोकनची जागा सोडून बाकी माहिती 32 बिटांच्या एका आकड्यात बसवली: भाषेला 8 बिट, टोकनच्या प्रकाराला (कॉमेंट, स्ट्रिंग वगैरे) 3, ठळक-तिरप्याला 3, अक्षराच्या आणि पार्श्वभूमीच्या रंगाला 9-9. इथे रंग म्हणजे रंगांच्या यादीतला फक्त क्रमांक.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते: सिंटॅक्सचे (कोडच्या व्याकरणानुसार दिलेले) रंग, सिलेक्शन, शोधाचे निकाल आणि चुकांच्या रेघा एकाच यादीत कालवणं. मग वरचा थर काढला की खालचा मूळ रंग सापडतच नाही. थर वेगळे ठेवा आणि रंगवताना, तेही दिसणाऱ्या ओळींपुरतेच, एकत्र करा. समजा टोकन 4 ते 10 आहे आणि सिलेक्शन 7 ते 15. सगळ्या सीमांवर कापलं की तीन तुकडे मिळतात: 4–7 नुसता सिंटॅक्स, 7–10 दोन्ही, 10–15 नुसतं सिलेक्शन. मधल्या तुकड्यात पार्श्वभूमी सिलेक्शनची घ्या, अक्षराचा रंग सिंटॅक्सचाच राहू द्या. कोण वर हे गुणधर्मागणिक ठरवायचं, अख्ख्या थरासाठी एकदम नाही.

जागा फाइलच्या सुरुवातीपासून मोजू नका. वर एक ओळ घातली की खालचं सगळं सरकवावं लागतं. टोकन ओळीच्या सुरुवातीपासून मोजा, शोधाचे निकाल, रेघा अशा खुणांसाठी इंटरव्हल ट्री, म्हणजे ‘इथपासून इथपर्यंत’ अशा पट्ट्यांची झाडासारखी रचना, वापरा. ईमॅक्स या एडिटरमध्येही ओव्हरले, म्हणजे मजकुरावर वरून चढवलेल्या खुणा, आधी साध्या यादीत असत. 2023 च्या 29 व्या आवृत्तीत ते संतुलित ट्रीमध्ये गेले.

रेघ फक्त देवनागरी कॉमेंट असलेल्या ओळीवरच सरकत असेल, तर मोजमापाचं एकक तपासा. यूटीएफ-16 आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या दोन पद्धती. ‘नमस्कार’ यूटीएफ-16 मध्ये 7 एककं आहे, यूटीएफ-8 मध्ये 21 बाइट. चुकांच्या जागा एडिटरला कळवणाऱ्या प्रोग्रॅमशी बोलण्याची पद्धत, म्हणजे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, मुळात यूटीएफ-16 धरतो. एडिटर बाइट मोजत असेल, तर या एका शब्दामुळेच पुढची रेघ 14 घरं चुकते.