एंडनोटमधून झोटेरोत संदर्भ न्यायचेत? आधी कोर्टातली ती केस समजून घ्या

"सर, एंडनोटमधले संदर्भ झोटेरोत नेले तर कंपनी केस करते म्हणते, खरं हाय का?" कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवर पीएचडी करून राहिलेल्या एका मॅडमनं आमच्या लायब्ररीत येऊन असं विचारलं आणि बाजूचे दोघंतिघंही मान वर करून ऐकायला लागले, म्हणजे ही भीती एकटीची नव्हती. म्हणून इथं लिहून ठेवतो. एंडनोट आणि झोटेरो ही दोन्ही संदर्भ साठवून त्यांची यादी बनवून देणारी सॉफ्टवेअरं.

केस झाली होती, हे खरंच आहे. झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या इतिहास विभागाशी जोडलेल्या सेंटरनं काढलं, फुकट आणि ओपन सोर्स. एंडनोट तेव्हा थॉमसन रॉयटर्सकडे होतं (आता क्लॅरिव्हेटकडे आहे). झोटेरोच्या १.५ च्या ट्रायल आवृत्तीत एंडनोटची ईएनएस फाइल वाचायची सोय आली आणि सप्टेंबर २००८ मध्ये थॉमसन रॉयटर्सनं व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या कोर्टात दावा ठोकला, मागणी वर्षाला किमान १ कोटी डॉलर नुकसानभरपाईची. युनिव्हर्सिटीनं एंडनोटचं लायसन्स मोडून आत काय आहे ते उकलून काढलं, असा आरोप होता. युनिव्हर्सिटीनं काय केलं तर एंडनोटचं लायसन्सच पुढं रिन्यू नाही केलं. ४ जून २००९ ला कोर्टानं केस काढून टाकली.

आता यातली गोम बघा. ईएनएस फाइल म्हणजे तुमचे संदर्भ नव्हेत. ती स्टाइलची फाइल, म्हणजे आडनाव आधी की नाव, वर्ष कंसात की शेवटी, पुस्तकाचं नाव तिरपं की सरळ, कुठं कॉमा, एवढंच तिच्यात असते. कंपनीचं म्हणणं होतं की या हजारो फाइली आम्ही बनवल्या, आमच्या आहेत. तुम्ही रात्र रात्र जागून टाइप केलेल्या दोनशे नोंदींवर कोणाचं भांडणच नव्हतं, आणि एक्सपोर्टचं बटण तर एंडनोटनं स्वतःच दिलंय ना बाप्पा, ते दाबल्यावर कोण केस करणार?

म्हणून पहिली गोष्ट, स्टाइलच्या फाइली इकडून तिकडं न्यायच्या भानगडीत पडूच नका. गरजच नाही. सीएसएल नावाच्या खुल्या पद्धतीत आता १०,००० च्या वर स्टाइल तयार आहेत, एपीए, एमएलए, शिकागो सगळं झोटेरोत मिळते. तुमच्या युनिव्हर्सिटीचे नियम थोडे वेगळे असतील तर जवळची स्टाइल घ्या आणि गाइडला दाखवून घ्या.

दुसरं, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरू नका. पेन ड्राइव्हवर कोणीतरी देते, "भाऊ, टाकून घे, काही नाई होत" म्हणते. त्या पेन ड्राइव्हनं माझ्या एका मित्राचा लॅपटॉप व्हायरसनं भरला, फॉरमॅट मारावा लागला, सोबत दोन चॅप्टर गेले. लायसन्सच्या झगड्यात तुमची बाजू भक्कम पाहिजे तर सॉफ्टवेअर कायदेशीर हातात पाहिजे. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये दोन प्रोग्राम एकमेकांशी जुळवायला लागणारी माहिती काढायची सूट आहे, पण तीसुद्धा ज्याच्याकडे प्रोग्राम रीतसर आहे त्यालाच, आणि ती माहिती दुसरीकडं सहज मिळत नसेल तरच.

आता प्रत्यक्ष काम. एंडनोटमध्ये आधी सगळे संदर्भ सिलेक्ट करा, मग फाइल, एक्सपोर्ट, आणि खाली आउटपुट स्टाइलमध्ये रेफमॅन आरआयएस (झोटेरोला वाचता येणारा फाइलचा प्रकार) निवडा. तिथंच "एक्सपोर्ट सिलेक्टेड रेफरन्सेस" अशी एक टिक असते, ती असली की सिलेक्ट केलेलेच संदर्भ निघतात. मॅडमचं करताना आम्ही ती पाहिलीच नाही, सिलेक्ट होता एकच संदर्भ, मग २१४ पैकी झोटेरोत आला एकच, आणि तेवढ्यात लाइट गेली. चूक आमचीच. तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट राहतात अशा एन्कोडिंगमध्ये) पुन्हा काढा. मग झोटेरोत फाइल, इम्पोर्ट. आणि आकडा मोजा, २१४ तर २१४.

मराठी संदर्भ मात्र एकेक करून तपासावे लागतात. "महाराष्ट्र शासन" हे लेखकाच्या दोन खान्यांत वाटलं गेलं तर यादीत "शासन, महाराष्ट्र" छापून येते, जसं काही महाराष्ट्र नावाचा कोणी माणूस आहे आणि त्याचं आडनाव शासन! लेखकाच्या ओळीला लागूनच एक छोटं बटण असते, त्यानं दोन खाने एक करता येतात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, कृषी विद्यापीठ, सगळ्यांना हेच करा.

मेंडेली या तशाच तिसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांचं प्रकरण वेगळं आहे. मेंडेली २०१३ पासून एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीकडे आहे आणि २०१८ मध्ये त्यांनी कॉम्प्युटरवरचा डेटाबेस एन्क्रिप्ट केला, म्हणजे कुलूपबंद केला, त्यामुळं झोटेरोला ती फाइल थेट वाचता येईना. कोर्टात कोणी गेलं नाही, नुसती कडी लावली. आता आधी मेंडेलीत सिंक करून घ्यायचं, म्हणजे संदर्भ ऑनलाइन खात्यात चढवायचे, मग झोटेरोच्या इम्पोर्टमध्ये मेंडेलीचा पर्याय घेऊन लॉगिन करायचं, संदर्भ ऑनलाइन येतात. पीडीएफ जास्त असतील तर आमच्यासारख्या गावात हे रात्री करा, दिवसा नेट रेंगाळते.

एक ध्यानात ठेवा, वर्ड फाइलमध्ये एंडनोटनं टाकलेले संदर्भ झोटेरो ओळखत नाही, ते पुन्हा एकेक टाकावे लागतात. थीसिस जमा करायला महिनाच राहिला असेल तर आहे तिथंच संपवा, बदल नंतर. मॅडमचे तीनच चॅप्टर झाले होते म्हणून आम्ही बदललं, दोन दुपारी गेल्या.

झोटेरोत फुकट जागा ३०० एमबी मिळते, पीडीएफनं ती पटकन भरते. सिंकमध्ये फक्त नोंदी ठेवा, फाइलींची टिक काढा, आणि झोटेरो बंद करून त्याचं आख्खं फोल्डर दर रविवारी पेन ड्राइव्हवर कॉपी करा. चालू असताना नका करू.