संग्रहालयात स्केचिंग करताना या चुका टाळा

संग्रहालयातलं स्केच फसतं ते बहुतेक वेळा हात कच्चा म्हणून नव्हे, उभं राहायची जागा चुकली म्हणून. वर्गात मॉडेल वळवता येतं, दिवा सरकवता येतो. दालनात मूर्ती जागची हलणार नाही, हलायचं आपणच.

मूर्तीला खेटून उभं राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. चौथऱ्यावरची पाच फुटी मूर्ती चार फुटांवरून काढली, तर डोक्यासाठी मान वर जाते आणि पायांसाठी खाली. दोन वेगळ्या नजरांतून पाहिलेले भाग कागदावर जोडले जातात आणि प्रमाण बिघडतं. मूर्तीच्या उंचीच्या अडीच ते तीन पट मागे या, म्हणजे इथे साडेबारा ते पंधरा फूट. तेवढी जागा नसेल तर कमरेपर्यंतच काढा. जागा ठरली की पायाखालच्या फरशीची सांध लक्षात ठेवा. माणसं मधे येतात, बाजूला व्हावं लागतं आणि परत उभं राहताना हातभर फरक पडतो.

पेन्सिलीनं माप घेताना कोपर ताठ आणि एक डोळा बंद. कोपर जरा वाकलं की प्रत्येक माप वेगळ्या पट्टीनं घेतल्यासारखं होतं.

मुकुट-दागिन्यांपासून सुरुवात

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातल्या शिल्पदालनात कोरीव काम इतकं देखणं आहे की हात आधी तिकडेच जातो. मूर्ती त्रिभंगात, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वाकलेली असेल, तर तोल आधी पकडा. पेन्सिल ओळंब्यासारखी उभी धरा आणि गळ्याच्या खाचेतून खाली सरळ रेघ कुठे येते ते पाहा. भार एकाच पायावर असेल तर ती त्या पायाच्या घोट्याजवळ यायला हवी. मग खांद्यांची आणि कमरेची तिरकी रेघ टाका. त्या बहुधा एकमेकींच्या उलट झुकतात. हे जमल्याशिवाय हाराचा एक मणीही काढू नका. तुटलेला हात मनानं पूर्ण करू नका, तुटलेली कड दिसते तशीच काढा.

समईच्या सगळ्या ताटल्या सारख्याच

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे सरावासाठी फार चांगले, पण लंबगोल तिथेच चुकतात. डोळ्यांच्या पातळीवरची ताटली जवळजवळ सरळ रेघ दिसते. त्याखालची थोडी उघडते, तळाची बैठक सगळ्यात जास्त. पातळीच्या वरच्या ताटलीचा तळ दिसतो. आधी उभा अक्ष काढा आणि प्रत्येक लंबगोल त्याला काटकोनात बसवा. लंबगोलाची टोकं गोलसर हवीत. ती टोकदार झाली की ताटली चेपल्यासारखी वाटते.

काच आणि उजेड

काचेत सगळ्यात जास्त चमकतो तो आपला पांढरा शर्ट, आणि त्याखालोखाल आपलाच कोरा कागद. गडद कपडे घाला, वही खाली धरा आणि काचेसमोर थोडं तिरकं उभं राहा. काचेला किंवा चौथऱ्याला टेकू नका.

छतावर तीन-चार दिवे असले की नाकाखाली दोन-दोन सावल्या पडतात. सगळ्या काढल्या तर चेहऱ्याचा घाट मोडतो. सगळ्यात प्रखर दिवा निवडा, त्याचीच सावली काढा, बाकीच्या फिकट सोडा.

लघुचित्रं आणि कापडाच्या दालनांत उजेड मुद्दाम मंद ठेवतात, साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), कारण जास्त उजेडानं रंग उडतात. तिथे पुरेसं गडद वाटलेलं शेडिंग बाहेर उन्हात फिकं निघतं. घरी दिवसाच्या उजेडात वहीच्या मागच्या पानावर एचबी, २बी, ४बी, ६बी अशा फिकट ते गडद पेन्सिलींच्या छटांची पट्टी करून ठेवा आणि दालनात तिच्याशी ताडून पाहा.

सामान

शाई, जलरंग, चारकोल आणि फिक्सेटिव्ह (चित्र पुसू नये म्हणून मारायचा फवारा) घरीच ठेवा. बहुतेक ठिकाणी फक्त पेन्सिल चालते. घडीचं स्टूल न्यायचं तर प्रवेशद्वारावरच विचारा. ए५ वही पुरते, मोठा बोर्ड वाटेत अडचण करतो. साध्या खोडरबराचा भुगा फरशीवर पडतो, म्हणून नीडेबल इरेझर, म्हणजे कणकेसारखा मळता येणारा खोडरबर घ्या, आणि शार्पनर डबीचाच.

निघण्यापूर्वी फलकावरची उंची, दगड किंवा धातू, सापडल्याचं ठिकाण आणि नोंदणी क्रमांक स्केचखाली लिहून घ्या. फलकावर उंची आणि रुंदी दोन्ही असतील तर त्यांचं प्रमाण तिथेच स्केचशी ताडून पाहा, म्हणजे चूक मूर्तीसमोरच दुरुस्त करता येते.