शिकवायची घाई नडते: ऑटिझमची शक्यता असलेल्या बाळासोबत या चुका टाळा

माझ्या मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) आहे हे कळलं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. त्यामुळे धाकटीच्या वेळी उशीर होऊ द्यायचा नाही, हे मी तिच्या जन्माआधीच ठरवलं होतं. ती नऊ महिन्यांची झाली तेव्हा कासारवडवलीच्या आमच्या हॉलमध्ये चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा, रंगीत कड्या, आवाज करणारी खेळणी असं सगळं मांडलेलं असायचं. मी दिवसभर तिच्यासमोर बसून विचारायचे, "हे काय? काऊ कुठंय? इकडे बघ. आईकडे बघ ना." ती बघायची नाही. मग मी आणखी जोरात विचारायचे.

ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठच्या भावंडांत साधारण पाचांतल्या एकाला ऑटिझम निघतो. मुलग्यांत हे प्रमाण जास्त, मुलींत कमी. हा आकडा ऐकल्यावर कुठल्याही आईबापाचा जीव टांगणीला लागतो, आणि बहुतेक चुका त्या भीतीतून होतात.

सगळ्यात मोठी चूक: घराची शिकवणी करणं

आमच्याकडे येणाऱ्या थेरपिस्टने एकदा माझा आणि लेकीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढला. नंतर आम्ही दोघी तो आवाज बंद करून बघत बसलो. एका जागी तिनं थांबवला. "ताई, इथे बघा. तिनं तुम्हाला काहीतरी सांगितलं." लेक पंख्याकडे बघत होती, हुंकारली, आणि अर्धा सेकंद माझ्याकडे वळली. त्या अर्ध्या सेकंदात मी खाली मान घालून पुढचं कार्ड शोधत होते. त्या दहा मिनिटांत असं चार वेळा झालं होतं.

ती बघत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते. ती बघत होती, माझी वेळ चुकत होती.

ऑटिझमकडे झुकणाऱ्या बाळांचे इशारे पुष्कळदा बारीक असतात: पटकन सरकणारी नजर, एखादा हुंकार, पायाची हालचाल, ओठांचा चंबू. दुसरं बाळ हात उंचावून, ओरडून मागून घेतं. हे बाळ हळूच विचारतं आणि उत्तर आलं नाही की गप्प होतं. मग आपण घाबरून जास्त बोलतो, जास्त खेळणी दाखवतो, आणि त्याला बोलायला जागाच उरत नाही. म्हणून पालकांना शिकायचं ते एवढंच: थांबायचं, बाळ कुठे बघतंय ते बघायचं, त्यानं केलेल्या आवाजाला, हालचालीला उत्तर द्यायचं, पुन्हा थांबायचं.

याच पद्धतीवर ऑस्ट्रेलियात पर्थ आणि मेलबर्नमध्ये एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ९ ते १४ महिन्यांची, सुरुवातीची लक्षणं दिसणारी १०३ बाळं त्यात होती. निम्म्या पालकांकडे पाच महिन्यांत दहा वेळा थेरपिस्ट घरी गेले आणि त्यांनी पालकांना त्यांचेच व्हिडिओ दाखवले. तीन वर्षांच्या वयात या गटातल्या सुमारे ७ टक्के मुलांत ऑटिझमचं निदान झालं, दुसऱ्या गटात सुमारे २० टक्के. याचा अर्थ ऑटिझम पुसला गेला असा काढू नका. ज्यांना निदान मिळालं नाही त्यांच्यातही विकासातले फरक होतेच, आणि अशा सगळ्या चाचण्यांना इतकं यश आलेलं नाही. पण आईबापाच्या प्रतिसादाला वजन आहे, हे मला त्यातून पटलं. आपल्याकडेही गोव्यात आणि सीमेपलीकडे रावळपिंडीत याच जातीची पद्धत जरा मोठ्या, ऑटिझम असलेल्या मुलांसाठी तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेविकांकडून वापरून पाहिली गेली. २०१६ च्या त्या अहवालात पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली, असं दिसलं.

एक गोष्ट इथेच ठासून सांगते. आईच्या वागण्यामुळे ऑटिझम होतो, असं एके काळी डॉक्टरही म्हणत. ते साफ चूक ठरलं. तुमचं काही चुकलं म्हणून हे शिकायचं नाही. या बाळांना नेहमीपेक्षा जास्त चौकस माणूस लागतं, म्हणून शिकायचं.

"हिचा बाबासुद्धा उशिराच बोलला"

हे आमच्या सासूबाईंचं वाक्य. त्या प्रेमानंच म्हणाल्या. पण वर्षाचं बाळ नावाला ओ देत नसेल, टाटा करत नसेल, उचलून घ्यायला हात पुढे करत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरलं असेल, तर वाट बघू नका. एकेका लक्षणावरून ऑटिझम ठरत नाही, आणि इतक्या लहान वयात सहसा कुणी ठाम निदानही करत नाही. एम-चॅट ही वीस प्रश्नांची चाचणीसुद्धा १६ महिन्यांनंतरची आहे. बाळाला उत्तर देण्यासाठी मात्र निदानाच्या कागदाची गरज नाही. अपॉइंटमेंट घ्या आणि त्याच दिवशी घरी सुरुवात करा.

आधी कान तपासा. "दार वाजलं की दचकते" म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही. कमी ऐकू येणारं बाळही दचकतं. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी, लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा.

खासगी थेरपीचा खर्च झेपत नसेल तर वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. अंगणवाडीत मुलं तपासायला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकालाही विचारा. शंका असलेल्या मुलांना ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

लस, भाषा, मोबाईल

मोठ्याला ऑटिझम आहे म्हणून धाकट्याची नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस चुकवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका. लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा १९९८ चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. गोवर मात्र खरा आहे.

बाळ गोंधळेल म्हणून मराठी सोडून इंग्रजीच बोला, असा सल्ला मलाही एका ठिकाणी मिळाला होता. मी महिनाभर पाळला. माझ्या इंग्रजीत लाडच नव्हते. "व्हॉट इज धिस" विचारणारी बाई आणि "अले, काय झालं माझ्या सोन्याला" म्हणणारी आई यांच्या आवाजात केवढा फरक असतो! दोन भाषांमुळे ऑटिझम वाढतो असं संशोधनात दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला हसू येतं, त्या भाषेत बोला.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणते. गावच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालेल. जेवण भरवताना मोबाईल हातात दिलात तर दिवसातल्या समोरासमोरच्या सगळ्यात चांगल्या तीन वेळा गेल्या.

आणि स्टेम सेलच्या उपचारानं ऑटिझम बरा करतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांच्या दारात उभंही राहू नका.

अडलं तर

*बाळ डोळ्यांत बघतच नाही.* हनुवटी धरून वळवू नका. जमिनीवर आडवे व्हा, ते जिकडे बघतंय तिकडे तुमचा चेहरा न्या. ते वाटी फिरवत असेल तर दुसरी वाटी घेऊन तुम्हीही फिरवा. माझी लेक पहिल्यांदा मनसोक्त माझ्याकडे बघून हसली ती स्टीलच्या दोन वाट्यांमुळे.

*तोंड फिरवतं, कुरकुरतं.* त्याला विसावा हवाय. हात मागे घ्या, गप्प राहा, दहापर्यंत मोजा. ते परत वळलं की पुढे.

*खेळ कुठला खेळू?* तळहातावर मोराला बसवायचा आपला जुना खेळ पुरतो. दोनतीनदा पूर्ण खेळा, मग गुदगुल्यांच्या आधी बोट हवेत धरून थांबा. बाळाचं अंग हललं, नजर आली, आवाज निघाला, की लगेच गुदगुल्या. ते त्याचं "पुन्हा" आहे.

*वेळच नाही.* आमच्या घरी बाबा पहाटे जातात आणि रात्री साडेआठला ठाणे स्टेशनला उतरतात. वेगळा तास काढणं जमणारच नव्हतं, आणि सगळं माझ्या एकटीवर येत होतं. मग रात्री अंग पुसून कपडे बदलायचं काम त्यांच्याकडे दिलं. झबलं डोक्यावरून अर्धं उतरवायचं आणि थांबायचं. पहिले आठ दिवस आतून काहीच आवाज आला नाही. नवव्या दिवशी "बा" आला.