रागाच्या उद्रेकांवरील उपचाराला नियमित व्यायामाची जोड कशी द्यावी

क्षुल्लक कारणावरून अंगाचा तिळपापड होणे, हाताला लागेल ते भिरकावणे आणि घटकाभराने स्वतःच ओशाळणे, असे वारंवार घडत असेल तर ‘स्वभावच तापट’ म्हणून ते सोडून देऊ नये. हा आवेग-नियंत्रण विकार, म्हणजे मनात उसळलेला आवेग आवरता न येण्याचा मानसिक आजार असू शकतो. त्यावरील मुख्य उपचार वर्तनोपचार (विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार) आणि गरजेनुसार औषधे हेच आहेत. व्यायाम त्यांना पूरक ठरतो.

म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ते शक्य नसल्यास शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास व्यायामापूर्वी तपासणी करून घ्यावी.

त्यानंतर आठवडाभर वहीत नोंद ठेवावी: भडका केव्हा उडाला, आदल्या रात्री झोप किती झाली, पोट रिकामे होते का. व्यायामाची वेळ या नोंदीवरून ठरवावी. कामावरून परतल्यावर, चहा होण्याआधीच खटके उडत असतील, तर पहाटेच्या व्यायामाचा हट्ट न धरता घरात शिरण्यापूर्वीच चालून यावे.

सुरुवात रोज दहा मिनिटांच्या भरभर चालण्याने करावी; बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे आणि दोन दिवस जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम करावा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची किमान शिफारस एवढीच आहे. हार-जितीवरून डोके तापत असेल, तर चुरशीचे खेळ तूर्त टाळावेत.

सर्वाधिक गल्लत होते ती प्रत्यक्ष रागाच्या क्षणी. पंचिंग बॅगवर ठोसे मारून राग ‘बाहेर काढावा’ हा सल्ला लोकप्रिय असला, तरी संशोधनाचा कौल त्याच्या विरुद्ध आहे, कारण आधीच धडधडणाऱ्या शरीराला त्याने आणखी चेव चढतो. त्या क्षणी धावायलाही जाऊ नये. ‘मी जरा बाहेर जाऊन येतो’ एवढेच सांगून उठावे, संथ चालावे आणि श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. हे वाक्य घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे कोणी दारात अडवून वाद वाढवणार नाही.

व्यायाम चुकला की चिडचिड होऊ लागली, किंवा दुखापत असूनही थांबवेना, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. भेटीला जाताना वही सोबत न्यावी. उद्रेक कमी झाले की नाही, याचा अंदाज त्यांना नोंदींवरूनच नीट येतो. बरे वाटले तरी औषधे परस्पर बंद करू नयेत.