व्हेनियर लावायच्या आधी जबडा तपासा

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका डेंटल लॅबमध्ये मी कॅप आणि व्हेनियर (दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे) बनवतो. पेशंट मला सहसा दिसत नाही, त्याचा जबडा प्लास्टरच्या मॉडेलवर दिसतो. लग्नसराई आली की समोरच्या सहा-आठ दातांच्या ऑर्डरी वाढतात आणि चिठ्ठीवर ठरलेला आग्रह असतो: शेड पांढरीशुभ्र, दात थोडे लांब. शेड तुम्ही निवडा. लांबी किती झेपेल ते मात्र जबड्यावर आहे. म्हणून अॅडव्हान्स भरायच्या आधी एवढं घरी करून बघा.

आरशासमोर बसा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवून तोंड सावकाश उघडा आणि मिटा. बोटांखाली हलतो तो सांधा. हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला ओढली जाते ते पाहा. मग स्वतःचीच तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घाला. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. दोनच बोटं जात असतील तर व्हेनियरचा विषय बाजूला ठेवा. मावा-गुटख्याने गालाची आतली बाजू ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. ते दुखणं सांध्याचं नव्हे, पुढे कॅन्सरकडेही जाऊ शकतं. आधी त्याची तपासणी.

सांधा नुसता टक् वाजतो, पण दुखत नाही, अडकत नाही, तर घाबरू नका. आतली चकती जरा पुढे सरकलेली असते, तोंड उघडताना जागेवर येते, त्याचा तो आवाज. दुखत असेल, तोंड मध्येच अडकत असेल किंवा वाळू चरचरल्यासारखं होत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता दात घट्ट आवळा. गालावर जो गोळा फुगतो आणि कानशिलावर जे उचललं जातं, ते चावायचे स्नायू. सैल सोडा आणि दाबून बघा, दुखतंय का. सकाळी जबडा आखडलेला असतो का? जिभेच्या कडेला दातांचे ठसे? सुळ्यांची टोकं सपाट? रात्री दात खाता का, हे घरच्यांना विचारा. खाणाऱ्याला स्वतःला बहुतेक वेळा माहीतच नसतं. आणि दिवसा? गप्प बसलेल्या माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट हवी. हे वाचताना तुमचे टेकलेत का बघा.

याचा दिसण्याशी काय संबंध, असं वाटेल. जबड्याला पुढे ओढणारा एक छोटा स्नायू आत असतो. तो ताठलेला असला की जबडा किंचित पुढेच राहतो, आणि चाव्याचं माप त्या चुकीच्या जागेचं येतं. मी त्यावर बरहुकूम दात बनवून देतो. पुढे स्नायू सैल पडतो, जबडा मागे सरकतो. आता तोंड मिटताना मागची एखादी दाढ आधी लागते, तिच्यावरून जबडा पुढे घसरतो आणि खालचे दात वरच्या व्हेनियरवर मागून आपटतात. व्हेनियर म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा सिरॅमिकचा पापुद्रा. दाताला चिकटल्यावर दाबाला तो चांगला टिकतो, पण ओढताणीला कच्चा. त्यातून दात लांब केले, तर खालच्या दातांची घासत जायची वाट अडते. दात खायची सवय थोडीच बदलते! कोपरा उडतो.

मग लोक म्हणतात, "झिरकोनियाच लावा की ओ, तुटत नाही." झिरकोनिया म्हणजे फार कणखर जातीचं सिरॅमिक. नाही तुटलं, तरी तो जोर जातो कुठे? त्याच्यावर चावणाऱ्या दातावर, मुळावर, चिकटवायच्या सिमेंटवर.

आपल्या गावात गणवेश शिवणारे पुष्कळ. धागा दातांनी तोडून समोरच्या दाताला खाच पडलेली मॉडेलवर लगेच ओळखू येते. खाच भरून मिळेल. कात्री मात्र जवळ ठेवायला हवी.

दुखणं असेल तर ते आधी शांत होऊ द्या: मऊ खाणं, गरम शेक, डॉक्टर सांगतील तो व्यायाम किंवा स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी. सांधा दुखतो म्हणून कोणी पहिल्याच दिवशी चांगले दात घासून कमी करायला निघालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

सहा दात बदलायचे असतील तर डॉक्टरांना विचारा: फेसबो (वरचा जबडा सांध्यापासून कसा बसलाय त्याचं माप घेणारी चौकट) घेणार का, मॉडेल आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारखं हलणाऱ्या यंत्रावर) चढवणार का, आधी मेणाचा नमुना दाखवणार का? आणि काही आठवडे तात्पुरते दात लावून मागा. हा टप्पा वाचवू नका. त्यांच्यावर नेहमीचं जेवा, फक्त कडक भाकरी आमटीत कुस्करून. 'फ' आणि 'व' मोठ्याने म्हणा. खालचा ओठ अडखळत असेल तर दात लांब झालेत. तात्पुरता दात जिथे फुटतो किंवा झिजतो, तिथलंच मी पक्क्या दातात कमी करतो.

दात खात असाल तर शेवटी रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड घ्या, कडक ॲक्रिलिकचा. मऊ रबरी गार्डवर काही जण उलट जास्त चावतात. धुवायला गार पाणी. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलात तर वाकडा होईल, मग तो बसणार नाही. दर तपासणीला बरोबर न्या. त्याच्यावर उमटलेल्या खुणांवरून रात्री जबडा कुठे घासतो ते डॉक्टरांना कळतं.